फरशीखालचं हीटिंग: झोन किती, कुठे आणि कसे

ब्रिटन आणि जर्मनीतल्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी बहुतेक एकाच विषयाचे आहेत: फरशीखाली पाण्याचे पाइप फिरवलेत, खोलीखोलीत थर्मोस्टॅट बसवलेत, तरी एक खोली तापते आणि दुसरी गार राहते, किंवा बिल फुगतं. एक प्रश्न पुण्याचाही आहे.

प्रश्न: मिल्टन कीन्समध्ये घर वाढवतोय. तळमजल्यावर स्वयंपाकघर-जेवणघर 28 चौरस मीटर, बैठकीची खोली 18, पॅसेज 10, अभ्यासिका 8, युटिलिटी 4 आणि टॉयलेट 2, असं सगळं मिळून 70 चौरस मीटर. इथे अंडरफ्लोअर हीटिंग घालायचं आहे. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर आणि 24 किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) तसेच राहतील. बिल्डर म्हणतो, सहा खोल्या म्हणजे सहा झोन. एवढे लागतात का?

चार पुरेत. आधी लूप आणि झोन यांतला फरक पक्का करू. मॅनिफोल्ड म्हणजे पाइपांना पाणी वाटणारी आणि परत घेणारी पट्ट्यांची जोडी. तिथून निघून परत तिथेच येणारा सलग पाइप म्हणजे लूप. एका थर्मोस्टॅटच्या हुकमावर उघडणारे सगळे लूप मिळून झोन. 16 मिलिमीटरचा पाइप 150 मिलिमीटर अंतराने टाकला तर चौरस मीटरला साधारण 6.7 मीटर लागतो, आणि एका लूपमध्ये 100 मीटरच्या पुढे जायचं नाही. नाहीतर पंपाला पाणी ढकलणं जड जातं आणि लूपच्या शेवटी पाणी गार होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात कपाटांखालची सुमारे 6 चौरस मीटर जागा वजा केली (तिथे पाइप घालायचाच नाही) तर 22 उरतात, म्हणजे 150 मीटरच्या आसपास पाइप. त्याचे दोन लूप करा. बैठकीचे दोन, अभ्यासिकेचा एक, आणि पॅसेज-टॉयलेट-युटिलिटी मिळून दोन. लूप सात झाले, झोन चार. पॅसेजला वेगळा थर्मोस्टॅट हवाच असेल तर घाला, पण तिथून इतर खोल्यांकडे जाणारे पाइप जातात, त्यामुळे पॅसेजचा स्वतःचा लूप बंद असतानाही ती फरशी तापतेच. मॅनिफोल्डजवळचे हे जाणारे-येणारे पाइप नळीत किंवा इन्सुलेशनमध्ये घालायला बिल्डरला आत्ताच सांगा. स्क्रीड, म्हणजे पाइपांवर ओतला जाणारा गिलाव्याचा थर, पडल्यावर काही करता येत नाही.

झोन कमी ठेवायचं खरं कारण बॉयलर आहे. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घरात फरशीतून चौरस मीटरला 50 वॉट धरले तर अख्ख्या तळमजल्याची भूक साडेतीन किलोवॉट. 24 किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर सहसा 3 ते 6 किलोवॉटच्या खाली उतरू शकत नाही. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किमान क्षमतेच्या रकान्यात मिळेल. आता एकट्या अभ्यासिकेने उष्णता मागितली तर मागणी 400 वॉट, आणि बॉयलर किमान 5 किलोवॉट देणार. लूपमधलं आणि वाटेतलं मिळून दहाएक लिटर पाणी दीड मिनिटात 10 अंश चढतं, बॉयलर बंद पडतो, पाणी उतरलं की पुन्हा पेटतो. दिवसभर हेच चालतं. गॅस वाया जातो, कंडेन्सिंगचा (धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवण्याचा) फायदा मिळत नाही आणि इग्निशनचे भाग लवकर झिजतात.

उपाय दोन. पहिला फुकटचा: सगळ्या झोनच्या वेळा एकसारख्या ठेवा, म्हणजे मागणी एकत्र येते. वरच्या रेडिएटरच्या वेळाही त्यांच्याशी जुळवा. दुसरा खर्चाचा: 50 लिटरची बफर टाकी, म्हणजे मध्ये गरम पाण्याचा साठा. वरच्याच उदाहरणात, 10 अंशांच्या फरकावर, नुसती टाकीच बॉयलरला साडेसात मिनिटं सलग चालू ठेवते.

वर रेडिएटर आणि खाली फरशी असताना पाण्याचं तापमान दोन प्रकारचं लागतं. म्हणून मॅनिफोल्डला ब्लेंडिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परतीचं गार पाणी मिसळणारा) आणि स्वतंत्र पंप लागेल. स्क्रीडमध्ये पाइप असतील तर व्हॉल्व्ह 40 अंशांवर ठेवून सुरुवात करा. फ्लो पाइपवर, म्हणजे फरशीकडे पाणी नेणाऱ्या पाइपवर, एक हाय-लिमिट थर्मोस्टॅट हवाच. ब्लेंडिंग व्हॉल्व्ह अडकला तर पंप बंद करणारा तोच एक भाग आहे, आणि खर्च कापायला बसलं की नेमका तोच गाळला जातो.

थर्मोस्टॅट तारेचे घेणार असाल तर प्रत्येकापासून वायरिंग सेंटरपर्यंत (थर्मोस्टॅट, टोप्या आणि बॉयलर यांच्या तारा जिथे जोडतात ती पेटी) तीन कोअर आणि अर्थची केबल आत्ताच भिंतीत घाला: लाइव्ह, न्यूट्रल आणि स्विच्ड लाइव्ह. जागा आतल्या भिंतीवर, जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटरवर. ऊन, फ्रिजची पाठ आणि बाहेरचा दरवाजा टाळा.

प्रश्न: रेडिंगमध्ये नवं घर घेतलं. बैठकीच्या खोलीचा थर्मोस्टॅट वाढवला की स्वयंपाकघराची फरशी तापते. स्वयंपाकघर 25 अंशांपर्यंत जातं आणि बैठकीत आम्ही स्वेटर घालून बसतो.

दोन झोनची अदलाबदल झाली आहे. नव्या घरांत हा दोष इतका सर्रास आढळतो की ताबा घेतानाच तपासावा. यात चूक स्वतःला वाढवत नेते. बैठक गार, म्हणून तिचा थर्मोस्टॅट सतत उष्णता मागतो. ती जाते स्वयंपाकघराला. स्वयंपाकघराचा थर्मोस्टॅट "पुरे" म्हणतो आणि बंद होतो बैठकीचा लूप. दोन्ही थर्मोस्टॅट अगदी बरोबर वागत असतात.

तपासणी अशी. घरातले सगळे थर्मोस्टॅट 5 अंशांवर आणा आणि दहा मिनिटं थांबा. मॅनिफोल्डवरच्या पांढऱ्या टोप्या म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. त्यांच्या आत मेण असतं. वीज मिळाली की ते तापून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतं, म्हणून उघडायला तीन ते पाच मिनिटं लागतात. सगळे बंद झाल्याची खूण टोपीवरच्या खिडकीत किंवा खाली गेलेल्या दांड्यात दिसते. आता एकच थर्मोस्टॅट 25 वर न्या, पाच मिनिटांनी कोणती टोपी उघडली ते पाहा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून खोलीचं नाव लिहा. असं एकेक करत सगळ्या खोल्या करा.

हे झालं अर्धं काम. टोपी बरोबर उघडली तरी तिच्याखालचा पाइप खरंच त्या खोलीत जातो का, हे वेगळं बघावं लागतं. पाइप टाकताना मॅनिफोल्डवर नावं चुकीची लिहिली गेली असतील तर कागदावर सगळं जुळतं आणि फरशी भलतीच तापते. म्हणून एकच लूप दोन-तीन तास चालू ठेवा आणि अनवाणी फिरा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच.

दुरुस्तीसाठी पाइपला हात लावायचा नाही. अ‍ॅक्च्युएटरच्या तारा पुरेशा लांब असतील तर दोन टोप्या हाताने काढून एकमेकींच्या जागी बसवा. त्या M30 आट्यांच्या किंवा खटक्याच्या असतात, पाना लागत नाही. तारा पुरत नसतील तर वायरिंग सेंटरमधल्या जोडण्या बदलाव्या लागतील. आत 230 व्होल्ट असतात, तेव्हा फ्यूज्ड स्पर (त्या पेटीचा फ्यूजवाला स्विच) बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. थर्मोस्टॅट वायरलेस असतील तर काम आणखी सोपं: दोन्हींचं पेअरिंग पुसून योग्य चॅनेलवर पुन्हा जोडा. आणि एका झोनला दोन लूप असतील तर दोन्ही टोप्या एकत्र उघडतात का तेही बघा. मोठ्या खोलीचा अर्धा भाग गार राहतो, त्यामागे पुष्कळदा हेच निघतं.

प्रश्न: आम्ही दोघं ठाण्याहून मँचेस्टरला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. सकाळी थंडी वाजली की आमच्या खोलीचा आकडा 28 करतो, तरी दोन तास काही होत नाही, आणि दुपारी उकडतं. मुलगा म्हणतो, आकड्याला हात लावू नका. हे असंच असतं का?

आई-बाबा, मुलगा बरोबर सांगतोय, पण कारण कळलं तर पटेल. हा आकडा म्हणजे गॅसच्या शेगडीचा नॉब नव्हे. 28 केल्याने फरशी जास्त जोरात तापत नाही. 21 वर जितक्या वेगाने तापते तितक्याच वेगाने तापते, फक्त थांबते उशिरा. 65 मिलिमीटर जाडीच्या स्क्रीडचं वजन चौरस मीटरला 130 किलोच्या घरात असतं. ते 5 अंशांनी तापवायला, चौरस मीटरला 60 वॉट मिळत असले तरी, तीन तास जातात. एकदा तापलं की निवायलाही तितकेच तास. सकाळचा 28 दुपारी अंगावर येतो तो असा.

म्हणून दिवसा 21 आणि रात्री 18 किंवा 19, एवढाच फरक ठेवा. सकाळी सात वाजता ऊब हवी असेल तर थर्मोस्टॅटवर पहाटे चारची वेळ लावायला मुलाला सांगा. काही थर्मोस्टॅट ही आघाडी स्वतः शिकतात. त्या सोयीला ऑप्टिमम स्टार्ट म्हणतात आणि ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

फरशी हाताला गरम लागत नाही म्हणून हीटिंग बंद आहे असं समजू नका. खोली 21 ला असताना 24 अंशांची फरशी आपलं काम नीट करत असते. आपल्या तळपायाची त्वचा त्याहून गरम असल्याने ती फार तर गार नाही एवढंच जाणवतं. आणि जाड गादी किंवा दुपदरी सतरंजी कायमची अंथरून ठेवू नका. उष्णता तिच्याखालीच अडकते.

प्रश्न: स्टुटगार्टजवळ 140 चौरस मीटरचं घर, 7 किलोवॉटचा एअर-टू-वॉटर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा), मॅनिफोल्डवर 12 लूप, नऊ थर्मोस्टॅट. वीज वाचावी म्हणून आम्ही वापरात नसलेल्या खोल्या बंद ठेवतो. तरी बिल जास्त येतं आणि पंप तासात कितीतरी वेळा चालू-बंद होतो. हिवाळ्यात एकदोनदा फ्लो कमी असल्याचा एररही आला.

बिल जास्त येण्यामागे तुमची काटकसरच आहे. हीट पंपाला पुरेसं पाणी फिरतं लागतं. फ्लो (जाणारं पाणी) आणि रिटर्न (परत येणारं पाणी) यांच्यात 5 अंशांचा फरक धरला तर 7 किलोवॉटसाठी मिनिटाला 20 लिटर. (गणित सोपं आहे: वॉटला 70 ने भागा, मग तापमानाच्या फरकाने भागा, उत्तर लिटर प्रति मिनिट.) बारा लूप उघडे असताना प्रत्येकाच्या वाट्याला 1.7 लिटर येतात. थर्मोस्टॅटनी नऊ लूप बंद केले की उरलेल्या तिघांतून 5 लिटरसुद्धा मुश्किलीने जातं. इन्व्हर्टरवर चालणारा हीट पंप आपली क्षमता कमी करतो, पण एका हद्दीपर्यंतच. त्याखाली तो बंद पडतो. दिसणारा एरर तिथूनच येतो.

दुसरं नुकसान नजरेत भरत नाही. अर्ध्या घरातून पूर्ण घराची उष्णता काढायची तर पाणी जास्त गरम लागतं, आणि फ्लोचं तापमान एक अंश वाढलं की हीट पंप साधारण दोन-अडीच टक्के जास्त वीज खातो. बंद खोलीच्या भिंती आतल्या बाजूने इन्सुलेट केलेल्या नसतातच, त्यामुळे शेजारच्या खोल्या तिला उष्णता पुरवत राहतात. बचत कागदावरच राहते.

मग करायचं काय? थंडी स्थिर असलेला आठवडा निवडा. सगळे थर्मोस्टॅट वर नेऊन सगळे लूप उघडे करा. आता खोलीचं तापमान ठरवणार दोन गोष्टी: हीट पंपाचा हाइत्सकुर्वे, म्हणजे बाहेरच्या तापमानानुसार फ्लो ठरवणारी वक्ररेषा, आणि प्रत्येक लूपचा फ्लोमीटर (मॅनिफोल्डवरची, लूपमधलं पाणी दाखवणारी आणि कमी-जास्त करणारी नळी). वक्ररेषा एक पायरी खाली घ्या आणि दोन दिवस थांबा. फरशी सावकाश चालते. रोज बदल केलात तर कशाचा परिणाम कशामुळे झाला ते कळणार नाही. सगळ्यात गार खोली जेमतेम हव्या त्या तापमानाला पोचेल तिथे थांबा. जास्त तापणाऱ्या खोल्यांचा फ्लोमीटर थोडा थोडा बंद करा. आधी गार खोलीचा फ्लो पूर्ण उघडा आहे ना ते बघा. एका खोलीपायी अख्ख्या घराचं पाणी गरम करण्याची वेळ येऊ नये.

हे जमलं की थर्मोस्टॅट हव्या तापमानाच्या 2 अंश वर ठेवा. आता त्यांचं काम फक्त लगाम घालण्याचं: पाहुणे जमले, ऊन आलं, ओव्हन दोन तास चालला, तेव्हाच ते मध्ये पडतील. दक्षिणेकडच्या मोठ्या काचांच्या खोलीला याचा उपयोग आहे, उत्तरेच्या पॅसेजला जवळजवळ नाही. शिवाय फरशी स्वतःही आवरतं घेते. फरशी 24 अंश आणि खोली 20 असेल तर चौरस मीटरला सुमारे 41 वॉट बाहेर पडतात. उन्हाने खोली 22 झाली की तेच 19 वर येतात, कुठलाही थर्मोस्टॅट न हलता. पाणी जितकं कोमट, तितका हा गुण जास्त उपयोगी पडतो.

अ‍ॅक्च्युएटर काढून टाका असं कोणी सुचवलं तर लगेच ऐकू नका. जर्मनीच्या इमारत ऊर्जा कायद्यात, म्हणजे जीईजीच्या कलम 63 मध्ये, खोलीनिहाय नियंत्रण आवश्यक आहे. 6 चौरस मीटरपेक्षा लहान खोलीतल्या फरशी-हीटिंगला त्यातून सूट आहे, तेव्हा टॉयलेट आणि कोठीच्या टोप्या काढून ते लूप कायम उघडे ठेवायला हरकत नाही. बाकीच्या जागेवर राहू द्या आणि सेटिंग वर ठेवा.

प्लंबर बहुधा बायपास व्हॉल्व्ह सुचवेल. एररवर तो मात्रा आहे, पण गरम पाणी घरात न जाताच परत फिरतं आणि पंपाला वाटतं घर तापलं. त्यापेक्षा रिटर्न लाइनमध्ये सीरीजने बसवलेली लहान टाकी बरी. आणि हायड्रॉलिशर अबग्लाइश, म्हणजे प्रत्येक लूपला योग्य तेवढंच पाणी मिळेल अशी जुळणी, झाला आहे का विचारा. झाला असेल तर लूपनिहाय फ्लोचा तक्ता मिळायला हवा. तक्ता नसेल तर काम झालेलं नाही असं धरून चाला.

प्रश्न: स्लाउ, इंग्लंड. सात लूपपैकी एक दोन वर्षं नीट होता, या हिवाळ्यात थंडच. थर्मोस्टॅट उष्णता मागतोय असं दाखवतो. प्लंबर म्हणतो पंप बदला.

सहा लूप तापत असताना पंपावर संशय घेणं चुकीचं आहे. वीज, टोपी, पिन, पाणी या क्रमाने जा.

थर्मोस्टॅट वाढवून पाच मिनिटांनी टोपी बघा. ती उघडली नसेल तर शेजारच्या चालू लूपची टोपी काढून इथे बसवा, तार तिचीच राहू द्या, आणि शेजारच्या झोनने उष्णता मागवा. आता हा लूप तापला तर दोष टोपीत किंवा तिच्या विजेत आहे. अ‍ॅक्च्युएटर स्वस्त आहे, तो बदलायचा. घेताना व्होल्टेज तपासा, कारण 24 व्होल्टचा 230 वर लावला तर लगेच जळतो. नवी टोपी बहुधा हाताने बसवता यावी म्हणून उघड्या स्थितीत येते आणि पहिल्यांदा काही मिनिटं वीज मिळाल्यावरच कामाला लागते. "नवी पण बंदच होत नाही" म्हणून परत करण्याआधी ते करून पाहा.

टोपी ठीक असेल तर तिच्याखालची पिन बघा. उन्हाळाभर दाबून बसलेली पिन तशीच अडकते. तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय हिच्यावरच आहे. टोपी काढल्यावर पिन सपाट लाकडाच्या तुकड्याने दाबा. ती 3-4 मिलिमीटर आत जाऊन आपोआप वर यायला हवी. नाही आली तर बाजूने हलके टिचके मारत दाबत राहा. पकडीने ओढू नका. पिन हातात आली तर मागोमाग पाणीही येतं. पुढच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा सगळे थर्मोस्टॅट दहा मिनिटांसाठी वर करायचे, म्हणजे पिना हलत्या राहतात. काही वायरिंग सेंटर हा व्यायाम स्वतःच करवतात.

पिन हलते आणि फ्लोमीटर तरी शून्यावर? मग लूपमध्ये हवा आहे. मॅनिफोल्ड आणि बॉयलर यांच्यामधले दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करा, पंप बंद करा, बाकीचे सहा लूप बंद करा. फ्लो पट्टीच्या भरण्याच्या नळाला मेन्सची होजपाइप लावा, रिटर्न पट्टीच्या नळाला दुसरी, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पाणी सोडा. उलट्या दिशेने सोडू नका. बऱ्याच फ्लोमीटरना ते सोसत नाही. शेवटी सिस्टिमचा दाब थंड असताना 1 ते 1.5 बार. इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) धुऊन गेलेला असतो, तो पुन्हा घालायचा; हे विसरलं जातं.

फ्लोमीटर पुन्हा लावताना आकडे असे काढा. 150 मिलिमीटर अंतरावर आणि चौरस मीटरला 50 वॉट धरून पाइपच्या मीटरला साडेसात वॉट. फ्लो-रिटर्नचा फरक 7 अंश धरला तर 95 मीटरच्या लूपला मिनिटाला 1.5 लिटर, 70 मीटरला 1.1 आणि 40 मीटरला 0.6. सगळ्यांचे फ्लोमीटर एकाच खुणेवर ठेवणं ही सर्रास होणारी चूक. त्यात छोटा लूप पाणी पळवतो आणि लांबचा उपाशी राहतो.

प्रश्न: कॉव्हेंट्री. सगळे थर्मोस्टॅट बंद, तरी बॉयलर रात्रभर चालू.

वायरिंग सेंटरवरचा बॉयलरचा दिवा बघा. तो लागलेला असेल तर कुठला तरी झोन खरंच मागतोय. बहुधा पेअरिंग न पुसलेला जुना वायरलेस थर्मोस्टॅट किंवा फ्रॉस्ट सेटिंग (पाणी गोठू नये म्हणून हीटिंग लावणारं). दिवा विझलेला आणि बॉयलर तरी चालू, तर मोटराइज्ड झोन व्हॉल्व्हमधला मायक्रोस्विच चिकटला आहे. ब्रिटनच्या पद्धतीत त्याची करडी तार कायम लाइव्ह असते आणि नारिंगी तार बॉयलरला "पेट" सांगते. व्हॉल्व्ह मिटला तरी स्विच सुटला नाही की बॉयलर पेटलेलाच राहतो. बहुतेक नव्या व्हॉल्व्हचं डोकं पाणी न काढता बदलता येतं. करडी तार झोन बंद असतानाही जिवंत असते हे ध्यानात ठेवून मुख्य पुरवठा तोडल्याशिवाय झाकण उघडू नका.

प्रश्न: सिमेंटचा स्क्रीड टाकून दहा दिवस झाले. फरशी बसवायची घाई आहे. हीटिंग लावून लवकर सुकवता येईल का?

नाही. युरोपियन मानक ईएन 1264 प्रमाणे सिमेंटच्या स्क्रीडला 21 दिवस, कॅल्शियम सल्फेटच्या म्हणजे अनहायड्राइट स्क्रीडला 7 दिवस थांबायचं, किंवा उत्पादक सांगेल तितकं. मग 20 ते 25 अंशांच्या पाण्यावर तीन दिवस आणि डिझाइनच्या कमाल तापमानावर चार दिवस. या आठवड्यात सगळे झोन एकत्र उघडे हवेत. एक खोली तापलेली आणि शेजारची गार राहिली तर दारातल्या जोडावर तडा जातो.

प्रश्न: लेस्टर. दोन बाथरूम आणि एक झोपायची खोली, तिन्हींत विजेची हीटिंग मॅट घालायची आहे. तिन्हींना मिळून एक थर्मोस्टॅट चालेल का?

चालणार नाही. विजेच्या मॅटचा थर्मोस्टॅट फरशीतल्या प्रोबवरून (तापमान मोजणाऱ्या टोकावरून) चालतो, आणि एका खोलीतला प्रोब दुसऱ्या खोलीतल्या फरशीबद्दल काहीच सांगू शकत नाही. ओल्या बाथरूमची टाइल आणि झोपायच्या खोलीतलं लॅमिनेट यांच्या मर्यादाही वेगळ्या: लाकूड आणि लॅमिनेटसाठी सहसा 27 अंशांची हद्द असते, टाइलला तेवढं बंधन नसतं. एकाच खोलीत दोन मॅट असतील तर त्या एका थर्मोस्टॅटला समांतर जोडता येतात, सीरीजने कधीच नाही. नेहमीचा थर्मोस्टॅट 16 अँपिअरचा, म्हणजे साधारण 3.6 किलोवॉट. चौरस मीटरला 150 वॉटची मॅट 20 चौरस मीटर झाली तरी 3 किलोवॉट, तेव्हा घरात अडचण क्वचितच येते.

प्रोब दोन हीटिंग वायरींच्या बरोबर मधोमध हवा, आणि तो नळीत घालूनच टाका. नुसताच चिकटवला आणि चार वर्षांनी गेला, तर टाइल फोडावी लागते. मॅटचा रोध तीनदा मोजून लिहून ठेवा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. आकडा बदलला तर निदान टाइल लावण्याआधी कळेल. वायर कापून लांबी कमी करायची नसते. कापायची ती फक्त जाळी. 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अनिवार्य, आणि थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर.

झोपायच्या खोलीसाठी आमचं मत विजेच्या मॅटच्या विरोधात आहे. पाहुणे आले की जमिनीवर गाद्या पडतात, आणि गादीखाली अडकलेली उष्णता प्रोबला दिसत नाही, कारण तो दुसरीकडे असतो. पाण्याच्या हीटिंगमध्ये फरशी पाण्यापेक्षा गरम होऊच शकत नाही. विजेच्या वायरीला अशी हद्द नसते.

प्रश्न: पुण्याजवळ बंगला बांधतोय. डिसेंबरात फरशी फार गार लागते. परदेशासारखं झोनवालं हीटिंग घालून घ्यावं का?

नको. वर्षातल्या काही आठवड्यांच्या पहाटेसाठी मॅनिफोल्ड, पंप, बॉयलर आणि खाली इन्सुलेशन असा खर्च करण्यात अर्थ नाही. शिवाय तो पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस जवळपास मिळणं कठीण. बाथरूममध्ये 2-3 चौरस मीटरची विजेची मॅट हवीच असेल तर खाली इन्सुलेशन बोर्ड घाला, नाहीतर निम्मी उष्णता स्लॅबमध्ये जिरेल. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, नळीतला प्रोब आणि चांगलं अर्थिंग यांत तडजोड नको. बाकी घरासाठी चप्पल आणि सतरंजी.